घाट आणि चाक : नाशिकच्या सह्याद्रीवर चाक कसे चढले? (दीर्घ धागा)

१/
मुंबईहून नाशिककडे येणारी रेल्वेगाडी कसाऱ्याला थांबते. मागे जादा इंजिने जोडली जातात, डब्यांना हलका धक्का बसतो आणि गाडी थळ घाट चढू लागते. इगतपुरीला ही इंजिने सुटतात. तोवर प्रवासी चहा आणि वडापाव यांत गुंतलेले असतात. पण या काही मिनिटांच्या थांब्यात सह्याद्रीचा दोन हजार वर्षांचा एक जुना प्रश्न दडलेला आहे.

२/
प्रश्न असा : कोकण आणि देश यांच्यामध्ये उभ्या असलेल्या या भिंतीवर चाक चढवायचे कसे? आणि त्याच्या पोटात दुसरा प्रश्न : चाक वर चढले की लाभ कोणाचा होतो, आणि कोणाच्या हातून काय निसटते? आज चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या घेऊन घाटवाटा धुंडाळणाऱ्या पिढीने हा दुसरा प्रश्न अधिक मनावर घ्यावा, म्हणून हा धागा.

३/
आधी भूगोल. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून दख्खनचा हा काळा पाषाण तयार झाला. नाशिकच्या बाजूने पश्चिमेकडे जाताना जमीन अगदी हळूहळू उंचावते. बैलगाडी कष्टाविना घाटमाथ्यापर्यंत पोचते. तिथे मात्र पायाखालची जमीन संपते आणि शेकडो मीटरांचा कडा कोकणात कोसळतो. सह्याद्रीची खरी परीक्षा आहे ती या पश्चिम कड्याची.

४/
चाकाचा पहिला ठळक उल्लेख येतो इ.स.च्या पहिल्या शतकात. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक भाषेतील प्रवासपुस्तिकेत एका अनाम व्यापाऱ्याने नोंदवले आहे, की पैठण आणि तगर (आजचे तेर) येथील माल भडोचच्या बंदरात गाड्यांतून येतो, आणि तोही जिथे धड रस्ता नाही अशा विस्तीर्ण मुलखातून. पैठणचे मौल्यवान खडे आणि तेरचे कापड असा प्रवास करून जहाजात चढत होते.

५/
म्हणजे रस्ता सोडून गाडी हाकण्याची कला आपल्याकडे किमान दोन हजार वर्षांची आहे! पण त्या गाड्या गेल्या कुठे ते पाहा. पैठणहून कोकणचा किनारा जवळ. भडोच त्याहून फार दूर. पेरिप्लसच्या हिशेबाने पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर होते. तरीही चाकाने उत्तरेची लांब वाट धरली. कड्यावरून थेट खाली उतरणे हे पायाचे काम होते.

६/
या लांबच्या वाटेला केवळ डोंगर कारणीभूत नव्हता. पेरिप्लसच सांगतो, की कल्याणचे बंदर एके काळी रीतसर व्यापाराचे ठिकाण होते. पुढे सत्ता बदलली आणि तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. घाटाखालचे बंदर अडले की घाटही ओस पडतो. रस्ता कुठून जाईल हे दगड जितके ठरवतो, तितकेच राजकारणही ठरवते.

७/
या स्पर्धेचा साक्षीदार नाशिकमध्येच आहे. पांडवलेण्यांत क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. त्याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्या. दमणा, तापी, डहाणुका यांसारख्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. नदीच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया उभारल्या. यातील गोवर्धन म्हणजे नाशिकच्या कुशीतलेच आजचे गोवर्धन.

८/
हा लेख दानाचा आहे, पण नकाशा म्हणूनही वाचता येतो. वर नाशिक, खाली सोपारा आणि भडोच. मध्ये नद्या, नावा, विसावे आणि पाणी. त्या काळी ‘रस्ता’ म्हणजे खडी-मुरूम नव्हे. चालणाऱ्याला रात्री छप्पर, दुपारी पाणी आणि पुरात नाव मिळणे, हाच रस्ता. उषवदाताने डोंगर फोडला नाही, त्याने वाटसरू सांभाळला.

९/
पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर नहपानाच्या ठशावर गौतमीपुत्राचा ठसा मारलेला होता. नाणे तेच, मालक नवा. घाटवाटांचेही तेच झाले. त्याच पांडवलेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या पुत्राला ज्या पर्वतांचा स्वामी म्हटले आहे, त्यांत सह्य आहे.

१०/
सातवाहनांच्या घाटाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नाशिकच्या दक्षिणेला, जुन्नरजवळ आहे : नाणेघाट. खडकात कोरलेली वाट, राणी नागनिकेचा लेख असलेली लेणी, आणि माथ्यावरचा तो दगडी रांजण, ज्यात जकात जमा होई असे परंपरा सांगते. ही वाट पाहिली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते : ती माणसाच्या पावलासाठी आणि जनावराच्या खुरासाठी आहे. चाकाला तिथे जागाच ठेवलेली नाही.

११/
पुढची जवळजवळ दीड हजार वर्षे या कड्यावर राज्य केले ते पाठाळ बैलाने. दोन्ही बाजूंना गोणी, गळ्यात घंटा आणि मागे लमाणांचा तांडा. कोकणातून मीठ वर, देशावरून धान्य खाली. १७व्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन करतो. असा तांडा आडवा आला तर वाट मोकळी होण्यासाठी दोन-तीन दिवस थांबावे लागे, असे तो सांगतो.

१२/
चाक चढत नव्हते, ही राज्यकर्त्यांच्या दृष्टीने उणीव नव्हती. अरुंद घाट म्हणजे राखायला सोपा घाट. एका नाक्यावर दहा माणसे बसवली की जकातही मिळते आणि शत्रूचा जड तोफखानाही अडतो. त्र्यंबकगड, हरिहर, भास्करगड, अलंग-मदन-कुलंग ही नाशिक परिसरातील दुर्गांची माळ घाटमाथ्याला धरून उभी आहे, ती उगीच नव्हे.

१३/
किल्ल्याखालच्या पहाऱ्याच्या चौकीला ‘मेट’ म्हणत. ब्रह्मगिरीच्या अंगावरचे मेटघर हे नाव आजही ती आठवण जपून आहे. घाटांचा हिशेब राखणाऱ्यांची आठवण ‘घाटपांडे’ या आडनावात राहिली. आणि प्रत्यक्ष वाट राखणारे कोण? प्रामुख्याने डोंगरात राहणारे महादेव कोळी. कोणती वाट पावसात बंद होते आणि कोणती चांदण्यात चालते, हे त्यांनाच ठाऊक.

१४/
खिंडीचे मोल काय असते, हे ऑक्टोबर १६७० मध्ये नाशिकच्या उत्तरेला दिसले. सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज बागलाणमार्गे परतत होते. वाटेत चांदवडची डोंगररांग आडवी. मोगल सरदार दाऊदखान कुरेशी वाट रोखायला धावला. १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीजवळ लढाई झाली. महाराजांनी मोगलांना थोपवून धरले आणि लूट सुखरूप पुढे गेली. जनावरांच्या पाठीवरचा तो भार खिंडीतून निघू शकला. गाड्यांवर असता तर?

१५/
ही व्यवस्था मोडली १८१८ मध्ये. एप्रिलमध्ये इंग्रजांच्या तोफांपुढे त्र्यंबकगड पडला आणि त्यानंतर परिसरातील अनेक किल्ले लढाईविना हाती आले. कॅप्टन ब्रिग्जने हरिहरच्या त्या उभ्या दगडी पायऱ्या पाहिल्या आणि तो थक्क झाला. हरिहरच्या पायऱ्या वाचल्या. अलंग-कुलंगसारख्या गडांच्या वाटा मात्र सुरुंग लावून उडवण्यात आल्या. आज गिर्यारोहक तिथे दोर लावतात, तो या निर्णयाचा परिणाम.

१६/
इथे क्षणभर थांबा, कारण या धाग्याचा गाभा इथे आहे. ज्या सत्तेने गडांच्या पायऱ्या फोडल्या, त्याच सत्तेने पुढच्या काही दशकांत घाटांतून गाडीरस्ते काढले. या दोन्ही कृतींमागचे धोरण एकच होते. डोंगर लढवता येऊ नये, आणि डोंगरातून माल मात्र वाहता यावा. पायरी गेली, चाक आले.

१७/
ज्यांचे जगणे पायरीवर अवलंबून होते, त्यांचे काय झाले? किल्ल्यांवरील शिबंदी मोडली, पहाऱ्याचे हक्क आणि वेतने आटली. महादेव कोळ्यांमधून १८२०च्या दशकाअखेरीस उठाव झाले. रामजी भांगरे त्यांत अग्रभागी होते. त्यांचे पुत्र राघोजी भांगरे यांनी १८४०च्या दशकात सावकारशाही आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध डोंगर पेटवला. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले.

१८/
आता खुद्द चाकाची गोष्ट. दख्खनमधले जुने गाडे अवजड होते; काहींची चाके तर अखंड दगडाची. आठ-आठ बैल जुंपूनही ते जेमतेम सरकत. १८३०च्या दशकात गेसफर्ड नावाच्या एका इंग्रज लेफ्टनंटाने सोलापूर भागातील टेंभुर्णी येथे हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाड्या बनवण्याचा कारखाना चालवला. आज जिला आपण अगदी ‘पारंपरिक’ बैलगाडी समजतो, तिचे वय असे फार नाही.

१९/
हलकी गाडी आली, तिला वाट हवी. पुण्याच्या बाजूला बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. नाशिकच्या बाजूला थळ घाटातून मुंबई-आग्रा रस्ता गेला : कसारा, इगतपुरी, नाशिक, चांदवड, मालेगाव, धुळे आणि पुढे नर्मदेपलीकडे. पुढे हाच राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ झाला. नाशिकमध्ये आजही जुनी माणसे त्याला आग्रा रोडच म्हणतात.

२०/
घाटात गाडीची एकच अडचण असते : चढावर चाक मागे येते आणि उतारावर पुढे धावते. म्हणून चढाला जादा बैलजोडी जुंपायची, दम खाताना चाकामागे धोंडा लावायचा, उतारावर चाकात लाकूड अडकवून वेग मारायचा. हे तीन उपाय लक्षात ठेवा. पुढच्या दोनशे वर्षांत यंत्रे बदलली, पण हे तीन उपाय नव्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटणार आहेत.

२१/
मग आली रेल्वे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी धावली, तेव्हाच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची नजर सह्याद्रीपलीकडच्या कापसावर होती. खानदेश आणि वऱ्हाड यांचा कापूस मुंबईच्या गोदीत आणायचा, तर थळ घाट चढणे भाग होते. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी घाट पायाखाली घातले, आराखडे केले. पण काम पुरे झालेले पाहण्याआधीच, १८६२ मध्ये ते वारले.

२२/
१ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटाचा लोहमार्ग खुला झाला. सुमारे १५ किलोमीटरांत ९७२ फूट, म्हणजे जवळजवळ ३०० मीटर चढ. सर्वांत तीव्र उतार ३७ फुटांना १ फूट. १३ बोगदे, दऱ्यांवर पूल, आणि मध्ये एक ‘रिव्हर्सिंग स्टेशन’, जिथे गाडी थांबून इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि ती उलट दिशेने पुढचा चढ घेई. चढ तोडण्यासाठी डोंगरावर आखलेली ही रेघ नागमोडी पायवाटेचीच नक्कल होती.

२३/
जादा बैलजोडीच्या जागी मागून रेटणारे इंजिन आले. तेच आजचे ‘बँकर’. चाकातल्या लाकडाच्या जागी ब्रेक आले. ब्रेक निकामी झालाच, तर सुटलेली गाडी मुख्य मार्गावरून बाजूला घेऊन चढावर थोपवणारे ‘कॅच साइडिंग’ आले. गाडीवानाचा धोंडा असा लोखंडात उतरला.

२४/
हे सर्व घडवले कोणी? सुरुंग भरणारे, दगड फोडणारे, माती वाहणारे हजारो स्त्री-पुरुष घाटांच्या कामांवर होते. पावसाळ्यात काम ठप्प होई. पटकी आणि ताप यांनी छावण्या ओस पडत. बर्कलींचे नाव इतिहासात राहिले. बोगद्यात ज्यांचा श्वास अडकला, त्यांची नावे आपल्यापर्यंत पोचली नाहीत. गाडी बोगद्यात शिरते तेव्हा शिट्टी वाजते. तेवढी तरी त्यांना वंदना समजावी.

२५/
लोहमार्गाने इगतपुरी हे रेल्वेचे गाव घडवले आणि नाशिकला बाजार मिळवून दिला. पण आग्रा रस्त्यावरच्या दूरवरच्या गाडीवानांचा धंदा बसला, लमाणांचे तांडे विरले आणि डोंगरातल्या लहान घाटवाटा हळूहळू गवताखाली गेल्या. एक मोठी वाट उघडते, तेव्हा शंभर लहान वाटा मिटतात. इतिहासाच्या पुस्तकांत पहिली गोष्ट ठळक असते, दुसरी फारशी नसते.

२६/
२०व्या शतकात चाक पुन्हा रस्ता सोडून निघाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जी छोटी, उघडी गाडी रणांगणावर आणली, ती जीप. साध्या मोटारीत दोनच चाकांना ताकद मिळते. ती घसरली की खेळ संपला. जीपमध्ये गरजेनुसार चारही चाकांना ताकद देता येते, आणि ‘लो रेंज’मध्ये वेग घटवून ओढ वाढवता येते. जादा बैलजोडी आता गाडीच्या पोटातच जुंपलेली होती.

२७/
आणि इथे नाशिक पुन्हा कथेत येते. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे याच कंपनीचा मोटारींचा कारखाना नाशिकला उभा राहिला. बोलेरो आणि स्कॉर्पिओ या गाड्या इथल्या कामगारांच्या हातून घडल्या. इंजिनांचा कारखाना तर थेट इगतपुरीत, थळ घाटाच्या माथ्यावर. ज्या कड्याने चाकाला दोन हजार वर्षे अडवले, त्याच्याच डोक्यावर चाकाचे इंजिन बनू लागले.

२८/
जगातही असेच घडले आहे. अमेरिकेत कोलोरॅडोच्या सान हुआन पर्वतांत आज हौशी चालक ज्या उंच खिंडींतून जीप नेतात, त्यांतील अनेक वाटा १९व्या शतकात सोन्या-चांदीच्या खाणींसाठी खोदलेल्या आहेत. तिथे ओटो मिअर्स नावाच्या उद्योजकाने पथकर घेणारे रस्ते बांधले. खेचरांची वाट, मग पथकर, मग रेल्वे, शेवटी हौस. नाणेघाटाचा रांजण पाहिलेल्याला हा क्रम अनोळखी वाटणार नाही.

२९/
५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यात इगतपुरीजवळ सुमारे ८ किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे आहेत. चाक आता घाट चढत नाही. ते डोंगराच्या पोटातून काही मिनिटांत पार होते. कोकण कुठे संपले आणि देश कुठे लागला, हे गाडीतल्या माणसाला कळतही नाही. २,००० वर्षांचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या सुटला.

३०/
म्हणूनच उरलेल्या घाटवाटांचे मोल वाढले आहे. आता त्या व्यापारासाठी लागत नाहीत, सैन्यासाठीही नाहीत. त्या केवळ पुरावा म्हणून उरल्या आहेत. खुरांनी झिजलेली पायरी, मेटाचे जोते, वाटेकाठचे पाण्याचे टाके. शिलालेख ज्यांना लिहिता आला नाही, त्यांचा हाच लेख.

३१/
आणि हा लेख पुसायला सुरुंगाची गरज नाही. चिखलात गरगरणारे एक चाक पुरेसे असते. जुनी फरसबंदी एकदा उखडली की पहिल्याच पावसात तिची घळ होते. पठारावरचा मातीचा पातळ थर आणि त्यावरची पावसाळी फुले यांचेही तेच. १८१८ मध्ये वाटा फोडणाऱ्यांना आपण काय करतो आहोत, ते नेमके माहीत होते. आपण ते नकळत करू, हे अधिक लाजिरवाणे.

३२/
याचा अर्थ गाडी घरी ठेवावी असा नाही. त्र्यंबक-मोखाडा-जव्हारचा तोरंगण घाट, पेठकडे जाणारा सावळघाट, भंडारदऱ्याहून घाटघर : चाकासाठी बांधलेल्या सुरेख वाटा नाशिकच्या चहूबाजूंनी आहेत. त्या जरूर हाकाव्यात. पण जिथे पायरी सुरू होते, तिथे इंजिन बंद करावे आणि उतरावे. ती वाट पावलांची आहे.

३३/
उषवदाताने वाटसरूसाठी नाव आणि पाणी ठेवले, लमाणांनी मीठ पोचवले, कोळ्यांनी खिंडी राखल्या, अनाम मजुरांनी बोगदे कोरले. पुढच्या वेळी कसाऱ्याला मागून तो हलका धक्का बसेल, तेव्हा हातातला चहा सांभाळून एकदा खिडकीबाहेर पाहा. समोरच्या कड्यावर कुठेतरी एक बारीक पांढुरकी रेघ दिसेल. तीही एक वाट आहे.

(धागा समाप्त. आपल्या गावाजवळच्या जुन्या घाटवाटेचे नाव आणि ती कुठून कुठे उतरते, एवढे खाली जरूर लिहा. नाव टिकले, तर वाट टिकते.)